खांदा दुखला, तर दाद कुठे मागायची?

इंजेक्शन घेतल्यावर दंड दुखतो, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. दोन दिवस हात जड वाटतो, थोडी कणकण येते आणि मग आपण ते विसरूनही जातो. हे दुखणे शरीराने लसीला दिलेली साधी प्रतिक्रिया असते. त्यासाठी कोणाकडे तक्रार करायचे कारण नाही.

पण कधीतरी, फार क्वचित, ते दुखणे जातच नाही. आठवडा होतो, महिना होतो. हात वर नेला की कळ उठते. केस विंचरता येत नाहीत, ओढणी नीट घेता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. नमाजला उभे राहिल्यावर तक्बीरसाठी हात कानांपर्यंत जात नाहीत. घरातले म्हणतात, थंडी लागली असेल. शेजारीण म्हणते, वयाचे दुखणे. डॉक्टर गोळी देतात. इंजेक्शन आणि खांदा यांचा काही संबंध असेल, असे कोणाच्याच मनात येत नाही. आले तरी पुढचा प्रश्न उभाच राहतो. आता करायचे काय? दाद मागायची कुठे?

या लेखात तेच पाहायचे आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. हा लेख लसींच्या विरोधात नाही. धनुर्वात, गोवर, पोलिओ, पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश यांपासून लसीने आपली किती माणसे वाचवली, हे सांगायला नको. लस घ्यायचीच आहे. पण ती घेताना एखाद्याला इजा झाली, तर त्याला वाऱ्यावर सोडायचे का, एवढाच प्रश्न आहे.

सुई दोन बोटे वर गेली तर

आपल्या खांद्याच्या टोकाला एक हाड हाताला लागते. त्याच्या खाली दोन-तीन बोटे अंतर सोडले की दंडाचा जाड स्नायू सुरू होतो. मोठ्या माणसाला इंजेक्शन द्यायची जागा ती. सुई त्यापेक्षा वर टोचली गेली, तर औषध स्नायूत न जाता खांद्याच्या सांध्याजवळच्या मऊ पिशवीत किंवा स्नायूबंधांजवळ जाऊ शकते. लसीचे कामच शरीराला जागे करण्याचे. ते काम नको त्या जागी सुरू झाले की तिथे सूज येते, आणि पुढे कधी कधी सांधा आखडून बसतो.

वैद्यकात याला ‘शोल्डर इंज्युरी रिलेटेड टू व्हॅक्सिन ॲडमिनिस्ट्रेशन’ म्हणतात. थोडक्यात नाव ‘सिर्व्हा’. हे नाव २०१० च्या सुमारास रूढ झाले. त्याची ओळख पटवणारी खूण म्हणजे वेळ. आधी नीट चालणारा खांदा इंजेक्शननंतर ४८ तासांच्या आत दुखू लागतो, हात उचलणे अवघड होते, आणि दुखणे दिवसागणिक कमी होण्याऐवजी टिकून राहते. दोष लसीच्या औषधात नसतो, ती टोचण्याच्या जागेत असतो.

तान्ह्या बाळांच्या आयांनी यावरून घाबरू नये. बाळांची स्नायूतली इंजेक्शने मांडीत देतात. हा प्रश्न प्रामुख्याने मोठ्यांचा आणि मोठ्या मुलांचा आहे. गरोदर बायकांना आणि शाळेत दहाव्या व सोळाव्या वर्षी मिळणारी टीडीची लस, लोखंड लागल्यावर घेतलेले धनुर्वाताचे इंजेक्शन, कुत्रा चावल्यावरची लस, कोविडची लस, आणि आपल्या घरांत दरवर्षी घेतली जाणारी हज-उमराहच्या आधीची मेंदूज्वराची लस ही सारी दंडातच दिली जातात.

इथे आपल्या भगिनींसाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. बुरखा किंवा घट्ट बाह्यांचा कुर्ता घालून आपण लसीकरणाला जातो. बाही वर सरकत नाही, मग गळ्याकडून कपडा खाली ओढून खांदा थोडा उघडा करतो. नर्सला तेवढाच भाग दिसतो, आणि सुई नेमकी वर जाते. म्हणून लसीच्या दिवशी सैल बाहीचा कपडा घाला. बाही खालून खांद्यापर्यंत सरकवता आली पाहिजे. पडदा हवा असेल, टोचायला बाई हवी असेल, तर संकोच न करता तसे सांगा. टोचणारी व्यक्ती उभी आणि घेणारा बसलेला असला तरी सुई वर जाण्याचा संभव वाढतो. दोघांनी बसून घ्यावे, हे उत्तम. एवढी काळजी घेतली तर पुढचा सगळा लेख वाचण्याची वेळच येणार नाही.

अमेरिकेत काय केले

खांद्याच्या या दुखण्याला भरपाई देण्याचा कायदेशीर रस्ता सर्वांत स्पष्टपणे आखला तो अमेरिकेने. तिथे १९८० च्या दशकात लस बनवणाऱ्या कंपन्यांवर इतके दावे होऊ लागले, की काही कंपन्या लस बनवणे सोडून देऊ लागल्या. मुलांना लस मिळणार की नाही, अशी वेळ आली. तेव्हा १९८६ मध्ये एक कायदा झाला आणि १९८८ पासून त्याप्रमाणे भरपाईची योजना सुरू झाली. योजनेत येणाऱ्या प्रत्येक लसीवर, ती जितक्या आजारांपासून संरक्षण देते त्या प्रत्येक आजारामागे ७५ सेंट कर घेतला जातो. त्यातून एक निधी तयार होतो. ज्याला इजा झाली, त्याने कंपनीवर किंवा डॉक्टरवर खटला भरायचा नाही. सरकारविरुद्ध एका विशेष न्यायालयात अर्ज करायचा. कोणाची चूक झाली हे सिद्ध करायची गरज नाही. लस घेतली, ठरलेल्या मुदतीत ठरलेली इजा झाली, आणि ती सहा महिन्यांहून अधिक टिकली, एवढे कागदांवरून दिसले की पुरे.

कोणत्या लसीनंतर कोणती इजा किती वेळात झाली तर ती लसीमुळे मानायची, याचा एक तक्ता त्या कायद्यात आहे. मार्च २०१७ मध्ये खांद्याची इजा या तक्त्यात आली. मुदत तीच, ४८ तास. त्यानंतर तिथे येणाऱ्या अर्जांमध्ये खांद्याचे अर्ज झपाट्याने वाढले आणि तो सर्वांत मोठा गट बनला. उपचाराचा खर्च आणि बुडालेली कमाई याशिवाय वेदनेसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळू शकतात. अर्ज लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. वकिलाची वाजवी फीसुद्धा निधीतून दिली जाते.

तिथेही वाद झालेच. खांद्याची इजा टोचण्याच्या पद्धतीमुळे होते, लसीमुळे नव्हे, म्हणून ती तक्त्यातून काढावी, असा निर्णय सरकारने जानेवारी २०२१ मध्ये घेतला. तीनच महिन्यांत नव्या सरकारने तो मागे घेतला. शिवाय कोविडची लस या योजनेत नाही. तिच्यासाठी वेगळी, बरीच कडक योजना आहे आणि तिथे मुदत एका वर्षाची आहे. इंग्लंडमध्ये १९७९ चा कायदा एकरकमी १,२०,००० पौंड देतो, पण त्यासाठी ६० टक्के अपंगत्व लागते. नुसत्या आखडलेल्या खांद्याला ती पायरी गाठणे कठीण. तरी मूळ विचार सगळीकडे एकच आहे. लस सर्वांच्या भल्यासाठी घ्यायची असेल, तर तिच्यामुळे ज्या थोड्यांना सोसावे लागते त्यांचा भार सर्वांनी मिळून उचलावा. जर्मनी, फ्रान्स, जपान धरून वीसहून अधिक देशांनी तो आपापल्या परीने मान्य केला आहे.

आपल्याला हा विचार परका वाटायचे कारण नाही. हातून नकळत कोणाचा जीव गेला तरी दियत द्यावी लागते, आणि फिक़्हप्रमाणे तिचा भार एकट्यावर न टाकता त्याच्या आप्तमंडळींवर, म्हणजे आक़िलावर, वाटला जातो. हेतू वाईट नव्हता म्हणून नुकसान भरून द्यायचे राहत नाही, ही समज आपल्या घरांत जुनी आहे.

आपल्याकडचा कायदा

भारतात सर्व लसींसाठी अमेरिकेसारखी कायमची योजना कायद्याने उभी राहिलेली नाही. कोविडच्या काळात हा प्रश्न ऐरणीवर आला. औरंगाबादच्या एका पित्याने मुलीच्या मृत्यूनंतर एक हजार कोटी रुपयांची भरपाई मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि सीरम इन्स्टिट्यूटला नोटीस काढली. त्याच सुमारास केरळच्या उच्च न्यायालयाने अशा कुटुंबांसाठी धोरण आखायला सांगितले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले, की लस ऐच्छिक होती, सरकारवर भरपाईची जबाबदारी येत नाही, आणि ज्याला निष्काळजीपणा झाला असे वाटते त्याने दिवाणी न्यायालयात जावे.

म्हणजे आपल्याकडचा जुना रस्ता निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा. या रस्त्यावर महाराष्ट्रातल्या दोन खटल्यांनी मैलाचे दगड रोवले आहेत.

पहिला कोकणचा. १९५३ च्या मे महिन्यात पालशेतच्या समुद्रकिनारी अपघातात एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला नेले. तिथे भूल न देता, जास्त जोर लावून हाड बसवले गेले आणि तो दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरांना जबाबदार धरून तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली. रुग्णाला हात लावला की वाजवी काळजी घेणे हे डॉक्टरचे कर्तव्य ठरते, हे त्या निकालाने पक्के झाले.

दुसरा मराठवाड्याचा. १९६३ च्या जुलैमध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर एका बाईची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहून गेला. दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो सापडला, पण ती वाचली नाही. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले. शेवटी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत मंजूर केले. सरकारी दवाखान्यातल्या माणसाच्या चुकीला सरकार जबाबदार आहे, हे ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने ठरले. घटना आणि शेवटचा निकाल यांत तेहेतीस वर्षे गेली, हेही लक्षात ठेवावे.

इंजेक्शनबद्दलही एक निकाल आहे. स्प्रिंग मेडोज या खाजगी रुग्णालयात नर्सने चुकीचे इंजेक्शन दिल्यामुळे एका लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपये देण्याचा आदेश कायम ठेवला. सुई नर्सने टोचली म्हणून रुग्णालय सुटत नाही, हा त्याचा अर्थ.

आता हे निकाल कुठे लागू करायचे? पैसे देऊन खाजगी दवाखान्यात लस घेतली असेल, तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, आणि इंजेक्शनाला तर काही शे रुपयेच लागतात. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, सुनावणी व्हिडिओवर घेण्याची विनंतीही करता येते. कर्जतहून अलिबागला जाऊन यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ही सोय मोलाची आहे. ग्राहकांसाठी १९१५ हा मदत क्रमांक आहे.

मात्र सर्वांना फुकट सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्यात लस घेतली असेल, तर १९९५ च्या निकालाप्रमाणे तो ग्राहक कायद्यातला ‘ग्राहक’ होत नाही. तिथे रस्ता दिवाणी न्यायालयाचा. सरकारवर दावा करण्याआधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. खोपोली-खालापूरकडच्या कारखान्यांतले कामगार ईएसआयमध्ये असतील, तर त्यांच्या पगारातून वर्गणी जाते. म्हणून ईएसआयची सेवा फुकट धरता येत नाही आणि ते ग्राहक ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी क्रमांक १५१००.

टॉवेल दिसतो, सुईची जागा दिसत नाही

एवढे रस्ते आहेत, मग अडचण कुठे? अडचण पुराव्यात आहे. पोटातला टॉवेल स्वतःच साक्ष देतो. चुकीचे इंजेक्शन बाटलीवरून कळते. पण सुई दोन बोटे वर गेली, याची खूण दोन दिवसांत पुसली जाते. सहा महिन्यांनी न्यायालयात विचारले जाईल, की सुई कुठे टोचली होती? खांदा आधीपासून दुखत नव्हता कशावरून? तुम्हाला मधुमेह आहे का? मधुमेही माणसाचा खांदा तसाही आखडू शकतो, हे खरेच आहे. टोचणारी नर्स दिवसभरात कितीतरी जणांना टोचते, तिला काय आठवणार? तिने जाणूनबुजून काही केले असेल असे कोणी म्हणणारही नाही. त्या बाईवर निष्काळजीपणाचा आरोप करायला आपलेच मन धजत नाही.

इथेच आपला जुना रस्ता संपतो. एक बाजू म्हणते चूक सिद्ध करा, आणि दुसऱ्या बाजूला इजा अशी, की चूक सिद्ध करणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे खांद्याच्या इजेला न्याय देणारी पद्धत एकच उरते. कोणाची चूक हे न विचारता, कागद आणि वेळ पाहून भरपाई देणे.

हे आपल्या सरकारला नवे नाही. नसबंदी अयशस्वी ठरली तर ३०,००० रुपये, आणि नसबंदीनंतर सात दिवसांत मृत्यू झाला तर दोन लाख, अशी योजना केंद्राने चालवली आहे. गाडी ठोकून पळून गेलेला चालक सापडला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला ५०,००० रुपये मिळतात. आपल्या डोंगरपट्ट्यात बिबट्याने हल्ला केला तर वनखाते पैसे देते, तिथे कोणी बिबट्याची चूक सिद्ध करायला सांगत नाही. आणि सर्वांत विचार करण्यासारखे म्हणजे, एखाद्या नव्या लसीच्या चाचणीत भाग घेतलेल्या माणसाला त्या चाचणीमुळे इजा झाली, तर २०१९ च्या नियमांप्रमाणे त्याला उपचार आणि भरपाई मिळते. तीच लस मंजूर होऊन गावात आली, की तिथे घेणाऱ्याला ते संरक्षण उरत नाही.

कशेळ्यात राहून काय करता येईल

योजना येईल तेव्हा येईल. आज एखाद्या घरात असा खांदा दुखत असेल, तर त्याने काय करावे? कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे आपले कशेळे, आसपासच्या वाड्या, तिकडे नेरळ, खोपोली, इथला बहुतेक कष्टकरी हातावर पोट असलेला. भाताची लावणी, गवंडीकाम, शिवणकाम, रिक्षा, सगळे खांद्यावरच चालते. म्हणून दिरंगाई करू नका.

दुखणे तीन-चार दिवसांत कमी झाले नाही किंवा हात वर जाईनासा झाला, तर कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जा. केसपेपरवर ‘अमुक तारखेला लस घेतल्यापासून दुखणे’ असे लिहून घ्या. हे एक वाक्य पुढे हजार बोलण्यांपेक्षा जास्त कामाला येते. सुईची खूण दिसत असेल तोवर दंडाचा फोटो काढा. खांद्याचे टोक फोटोत आले पाहिजे. बायकांनी घरातल्याच कोणाकडून काढून घ्यावा. हाडवैद्याकडून खांदा ओढून घेऊ नका. लवकर उपचार आणि व्यायाम सुरू झाला तर बरेच खांदे सुटतात, आणि ते भरपाईपेक्षा मोठे आहे.

लसीचे कार्ड किंवा प्रमाणपत्र जपा. त्यावर तारीख, लसीचे नाव आणि बॅच क्रमांक असतो. कोणत्या हाताला दिली, तेही लिहून मागा. औषधांची बिले, एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय, सगळे एका पिशवीत ठेवा. कामावर गेला नाहीत ते दिवस वहीत लिहा, मुकादमाकडून किंवा मालकाकडून तसे लिहून घ्या. रुग्णालयाकडे आपले कागद मागितले, तर डॉक्टरांच्या नियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यायला हवेत.

लसीकरणानंतरच्या त्रासाची नोंद ठेवण्याची सरकारी व्यवस्था देशात १९८८ पासून आहे. आशाताई आणि नर्स तिला एईएफआय म्हणतात. गंभीर त्रासाची नोंद वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत जिल्ह्याच्या समितीकडे जाते. टोचण्यात चूक झाली का, याचा त्या तपासात स्वतंत्र रकाना असतो. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्याला साध्या मराठीत अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. औषधांच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर स्वतःलाही करता येते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविड लसीच्या प्रकरणात म्हटले, की सामान्य माणसाला आणि खाजगी डॉक्टरांनाही अशी नोंद करता यावी अशी सोय सरकारने करावी. अर्जाचे पुढे काय झाले हे कळले नाही, तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

भरवसा कशाने टिकतो

शेवटी मूळ प्रश्नाकडे येते. भरपाईची भाषा केली की लोक लसीला घाबरतील, असे काही डॉक्टर म्हणतात. मला उलटे वाटते.

१८९७ मध्ये मुंबईत प्लेगने माणसे मरत होती. हाफकिन यांनी लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक घाबरत. तेव्हा तिसऱ्या आगाखानांनी आपल्या माणसांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला आपला खुश्रू लॉज बंगला दिला. लोक पुढे आले. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि १९०७ मध्ये तो दूर झाला. दोष लसीत नव्हता, त्या गावी बाटली उघडताना झालेल्या अस्वच्छतेत होता. हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेला आहे. मुलकोवालची ती १९ घरे मात्र कोणाला आठवत नाहीत.

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हा मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांमुळे कितीतरी उर्दू शाळांत पालक मुले पाठवेनात. शिक्षकांनी आणि मौलानांनी घरोघरी समजावले. त्या वेळी आया एकच गोष्ट विचारत. ‘मॅडम, काही झाले तर जबाबदार कोण?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ज्या आईच्या घरात एक दिवसाची मजुरी बुडली तर चूल अडते, तिचा तो सरळ हिशोब होता. त्याला ‘काही होत नाही’ हे उत्तर पुरत नाही. ‘सहसा काही होत नाही, आणि झालेच तर इथे अर्ज करा, उपचार होईल, बुडालेली मजुरी मिळेल’, हे उत्तर पुरते. ते देण्याची सोय सरकारने करावी, असे आपण ग्रामसभेत, आमदार-खासदारांकडे लेखी मागू शकतो. मशिदीच्या आणि शाळेच्या समित्यांनी हे काम हाती घ्यावे.

तोपर्यंत लस चुकवू नका. बाही सैल ठेवा, कार्ड जपून ठेवा. आणि खांदा दुखतच राहिला, तर आठ दिवस वाट न पाहता केसपेपर काढा, अर्ज द्या, पोच घ्या.